अमली औषधांची किल्ली आणि आपली सही

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



व्यासपीठावरून बोलण्याची मला सवय नाही. माझी ३१ वर्षे सरकारी रुग्णालयांच्या वॉर्डात गेली. आधी अधिपरिचारिका म्हणून आणि शेवटची काही वर्षे परिसेविका म्हणून. चिटणीसांनी ‘पॅरामेडिकलच्या मुलांना चार शब्द सांगा’ असा निरोप धाडला तेव्हा मी जरा का-कू केली. उपदेशाचे चार शब्द या मुलांना रोजच मिळतात. पण त्याच आठवड्यात एक फोन आला आणि विषय आपोआप ठरला.

पहाटे सव्वापाचची वेळ. आपल्याच वस्तीतली मुलगी. जीएनएम होऊन दीड वर्ष झालेले, एका खाजगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रात्रपाळीला. रडत रडत बोलत होती. “मावशी, कपाटातले फेंटानिलचे दोन अँपूल कमी भरतायत. मॅनेजर म्हणतात, चार नंबरच्या पेशंटला दिले असं लिही, सही कर आणि विषय मिटव. नाहीतर पोलिसांत देऊ म्हणतात. करू का सही?”

मी विचारले, “तू पेशंटला दिलेस का गं?”

“नाही.”

“मग सही कशाची?”

एवढ्याने तिला धीर आला नाही, आणि येणारही नव्हता. तिच्या पगारावर घरातली चार माणसे जेवतात. शिवाय ‘पोलीस’ हा शब्द आपल्या घरांत कसा ऐकला जातो हे तुम्हाला मी सांगायला नको. नर्सिंगच्या तीन वर्षांत इंजेक्शन कसे द्यावे, शीर कशी शोधावी हे तिला शिकवले होते. त्या इंजेक्शनभोवती कोणता कायदा उभा आहे हे कोणी नीट बसवून सांगितले नव्हते. मलाही नोकरी लागली तेव्हा कोणी सांगितले नव्हते. आज इथे नर्सिंगच्या मुली आहेत, डी.फार्म.ची मुले आहेत, ऑपरेशन थिएटर तंत्रज्ञ आहेत, दोघे-तिघे रुग्णवाहिकेवर काम करणारेही दिसतात. ही औषधे तुम्हा सर्वांच्या हातून जाणार आहेत. म्हणून आज एवढाच विषय.

कायद्याचे नाव लांबलचक आहे. ‘गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५’. सर्वजण त्याला एनडीपीएस म्हणतात. वर्तमानपत्रात हे नाव आले की चरस, गांजा, पकडलेली टोळी असेच डोळ्यांसमोर येते. पण वॉर्डातले मॉर्फिन आणि फेंटानिल याच कायद्याखाली येतात. डायझेपाम, मिडाझोलाम, पेंटाझोसिन, केटामाइन हीसुद्धा. ट्रॅमाडॉल पूर्वी यात नव्हते, २०१८ साली आले. म्हणजे अपघाताच्या रुग्णाला आपण ज्या औषधाने शांत करतो, त्याच औषधाचा हिशेब चुकला तर तोच कायदा आपल्याकडे बोट करतो.

या कायद्याचे कलम ८ आधी सांगते की हे पदार्थ बाळगू नका, विकू नका, वापरू नका. आणि लगेच पुढे दार उघडते: वैद्यकीय किंवा शास्त्रीय कारणासाठी चालेल, पण नियमांनी ठरवून दिलेल्या रीतीने आणि तेवढ्याच मर्यादेत. आपली नोकरी या उघड्या दारातून चालते. ‘रुग्णासाठीच वापरले’ एवढे म्हणून भागत नाही. रीत पाळली हे दाखवावे लागते.

पुढे कलम ५४ आहे. एखाद्याच्या ताब्यात असा पदार्थ सापडला आणि त्याला त्याचा समाधानकारक खुलासा करता आला नाही, तर त्याने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरू शकते. कलम ३५ तर म्हणते की आरोपीचा हेतू दोषी होता असे धरूनच चालायचे. हेतू तसा नव्हता हे आरोपीने सिद्ध करायचे. एरवी आपण ऐकतो की गुन्हा सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. इथे तराजू थोडा कलता आहे. असा कायदा योग्य की अयोग्य, यावर विद्वानांनी वाद घालावा. वॉर्डातल्या माणसाने एवढे समजून घ्यावे की ‘खुलासा’ म्हणजे नोंदवही. मी प्रामाणिक आहे हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेले नसते, रजिस्टरमध्ये लिहिलेले असते.

आणि त्या मुलीला मी जे वाचून दाखवले ते कलम २६. परवाना किंवा अधिकारपत्र ज्याच्या नावावर आहे त्याने, किंवा त्याच्या नोकरीत राहून त्याच्या वतीने काम करणाऱ्या माणसाने, विनाकारण हिशेब ठेवला नाही किंवा खोटा हिशेब लिहिला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ‘नोकरीत राहून काम करणारा’ हे शब्द नीट ऐका. परवाना मालकाचा, कपाट मालकाचे, पण खोट्या नोंदीखाली सही सिस्टरची. मालक उद्या म्हणेल, मला काय ठाऊक, तिने लिहिले मी वाचले. दोन अँपूल हरवणे ही चूक असेल, निष्काळजीपणा असेल, कोणाची तरी चोरी असेल. पण चार नंबरच्या रुग्णाच्या नावावर ते टाकणे हा त्या मुलीने स्वतःच्या हाताने केलेला स्वतंत्र गुन्हा झाला असता. शिवाय उद्या तोच रुग्ण दगावला असता तर? केसपेपरवर न दिलेले फेंटानिल दिलेले दिसले असते.

मी तिला सांगितले ते असे. सही करू नकोस, भांडूही नकोस. साधा कागद घे. मोजणी किती वाजता केली, वहीप्रमाणे किती हवे होते, प्रत्यक्षात किती निघाले, मोजताना कोण हजर होते, किल्ली कोणाकडून किती वाजता घेतली, एवढेच लिही. कोणावर आळ घेऊ नकोस. दोन प्रती कर. एक ड्युटीवरच्या डॉक्टरांना दे आणि दुसरीवर त्यांची पोच घे. तिने तसे केले. ते दोन अँपूल कुठे गेले हे आजपर्यंत कळलेले नाही. तिला पोलिसांत कोणी दिले नाही, पण दोन महिन्यांत ती नोकरी मात्र तिने सोडली. सोडावी लागली म्हणा.

आता हे ऐकून कोणी म्हणेल, एवढी भानगड असेल तर ही औषधे रुग्णालयात नसलेलीच बरी. मित्रहो, हे वाक्य आपल्या देशाने एकदा खरे करून दाखवले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे जास्त बोलते.

१९८५ च्या मूळ कायद्यात बहुतेक गुन्ह्यांना कमीत कमी दहा वर्षांची शिक्षा होती. थोडे आणि फार हा भेद जवळजवळ नव्हता. कमी प्रमाण, मध्यम प्रमाण, व्यापारी प्रमाण अशी पायरी २००१ च्या दुरुस्तीने आली. त्यातच मॉर्फिन ठेवायचे तर प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, परवाने अनेक, खाती वेगवेगळी. एक परवाना हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपायची. परिणाम असा झाला की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९९७ साली या एवढ्या मोठ्या देशात वर्षभरात जेमतेम १८ किलो मॉर्फिन औषध म्हणून वापरले गेले. आणि गंमत पाहा, अफूची कायदेशीर शेती करणाऱ्या जगातल्या मोजक्या देशांत आपण आहोत. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, अफू परदेशी निर्यातही होत आली. ज्या मातीत ती पिकते त्या मातीतला कर्करोगाचा रुग्ण मात्र तळमळत होता.

हे मी आकड्यांवरून बोलत नाही. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. आमच्या स्त्री-वॉर्डात तोंडाच्या कर्करोगाची एक बाई होती. आयुष्यभर मिश्री लावलेली. गाल फाटून आरपार दिसत होते. ती ओरडत नसे, कारण तोंड उघडता येत नव्हते. पलंगाचा लोखंडी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसायची. तिची सून रात्री माझ्याकडे यायची आणि म्हणायची, “सिस्टर, काहीतरी द्या हो, नाहीतर आम्हाला घरी तरी पाठवा.” माझ्याकडे काय होते? पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक आणि थोडेसे पेंटाझोसिन, तेही साहेबांची सही असेल तर. मॉर्फिन स्टोअरमध्ये नव्हते. परवान्याचे नूतनीकरण कुठल्याशा टेबलावर अडकले होते. बाई अकरा दिवस जगली. त्या अकरा दिवसांत कायदा कुणीही मोडला नाही. सगळी नोंद चोख होती.

केरळात मात्र काही डॉक्टरांनी हा प्रश्न हाती घेतला. १९९३ साली कोझिकोड येथे वेदना व परिहार सेवेची संस्था उभी राहिली; त्यातले डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी पुढे कायदा बदलावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. अखेर २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. वैद्यकीय उपयोगासाठी ही औषधे उपलब्ध राहतील हे पाहणे, हेही केंद्र सरकारचे काम म्हणून कायद्यात लिहिले गेले. २०१५ च्या मे महिन्यात नवे नियम आले आणि मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरली. या सहांसाठी आता दहा दारे फिरावी लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकाकडून रुग्णालयाने ‘मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था’ म्हणून मान्यता घ्यायची, जबाबदार डॉक्टर नेमायचा, रोजचा हिशेब ठरलेल्या नमुन्यात ठेवायचा आणि वर्षाचा हिशेब नियंत्रकाला कळवायचा. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. नोकरीला लागाल तिथे पहिल्या आठवड्यात विचारा की आपल्या संस्थेला अशी मान्यता आहे का, आणि जबाबदार डॉक्टर कोण. विचारायला लाजू नका.

आता आपल्या हाताकडे येऊ. परिचारिका, तंत्रज्ञ, रुग्णवाहिकेवरचा सहायक यांना ही औषधे स्वतःच्या अधिकारात देता येत नाहीत. अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांच्या आदेशाचा आणि संस्थेच्या मान्यतेचा. आपण त्या दोहोंच्या छत्राखाली काम करतो. इंग्लंडमध्ये वेगळे आहे. तिथे नोंदणीकृत पॅरामेडिक स्वतःच्या पिशवीत मॉर्फिन बाळगतो आणि रस्त्यावर देतो. प्रिस्क्रिप्शन लिहिण्याचे जादा शिक्षण घेतलेल्या पॅरामेडिकला तर २०२३ च्या डिसेंबरअखेरपासून अशी पाच औषधे लिहूनही देता येतात. पण त्याच देशात हॅरॉल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने डायामॉर्फिन टोचून आपलेच रुग्ण मारले होते. २००० साली त्याला शिक्षा झाली आणि त्यानंतर तिथली हिशेबाची पद्धत फार कडक केली गेली. म्हणजे अधिकार वाढला तसा हिशेबही वाढला. आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने पॅरामेडिक हा आरोग्य व्यवसाय म्हणून यादीत आला आहे. अमली औषधांचा स्वतंत्र अधिकार मात्र त्याने दिलेला नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. परदेशी जाऊन आलेला कोणी काही सांगेल, यूट्यूबवर काही दिसेल, त्यावर जाऊ नका.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ ची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली तेव्हा गाडीवर डॉक्टर असावा अशीच योजना होती. पण इतर राज्यांत, आणि खाजगी रुग्णवाहिकांत, सहायक एकटा असतो व डॉक्टर फोनवर. फोनवरचा आदेश घेताना औषधाचे नाव आणि मात्रा मोठ्याने परत म्हणून दाखवा, मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम ते स्पष्ट उच्चारा, डॉक्टरांचे नाव आणि वेळ तिथल्या तिथे लिहा, आणि पोहोचल्यावर सही घ्या. फेंटानिल मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, मॉर्फिन मिलिग्रॅममध्ये. या एका अक्षरात माणूस जातो. खाजगी रुग्णवाहिकेचा मालक ‘गाडीत दोन अँपूल टाकून ठेव, लागतात कधीतरी’ म्हणाला तर ते कोणत्या परवान्यावर, हे विचारा. नाकाबंदीत झडती झाली तर मालक गाडीत नसतो.

वॉर्डात सर्वांत जास्त घोटाळा होतो तो अर्ध्या अँपूलचा. मॉर्फिनचा अँपूल १५ मिलिग्रॅमचा आणि डॉक्टरांनी लिहिले साडेसात. उरलेल्या साडेसातचे काय? पुष्कळ ठिकाणी ते सिरिंजमध्ये तसेच ट्रेमध्ये पडून राहते, ‘परत लागेल’ म्हणून. तिथूनच ते नाहीसे होते. उरलेले औषध दुसऱ्या जबाबदार व्यक्तीच्या डोळ्यांदेखत नष्ट करायचे, दिले किती आणि टाकले किती दोन्ही लिहायचे, दोघांनी सह्या करायच्या. आणि साक्षीदाराची सही डोळ्यांनी पाहूनच करायची. “सिस्टर, इथे जरा सही द्या, मी टाकलंय मघाशी” असे कोणी म्हटले तर हसून नाही म्हणा. अँपूल हातातून पडून फुटला तर काचा झाडून टाकू नका, आधी कोणाला तरी बोलावून दाखवा. वहीत खाडाखोड नको, व्हाइटनर तर मुळीच नको. चुकले तर एक रेघ मारून बाजूला सही. पाळी बदलताना दोघींनी मिळून मोजायचे. ‘घाईत आहे, तू मोजून घे’ म्हणून खिशात टाकलेली किल्ली मी माझ्या नोकरीत दोनदा घेतली, दोन्ही वेळा नशिबाने वाचले. पुढे मात्र कडकपणा केला, आणि मुली मला पाठीमागे ‘मोजणी-मावशी’ म्हणत हे मला ठाऊक आहे.

फार्मसीच्या मुलांसाठी थोडे. पुडक्यावर डाव्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ दिसले की ते एनडीपीएसचे औषध. ‘एक्सआरएक्स’ म्हणजे अनुसूची एक्स. केटामाइन या दुसऱ्या प्रकारात येते. ते कुलपात ठेवायचे, प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत घ्यायचे आणि एक प्रत दोन वर्षे जपायची. अनुसूची एच-वन मध्ये डायझेपाम, ट्रॅमाडॉल अशी बरीच औषधे आहेत. त्यांची वेगळी वही, डॉक्टर आणि रुग्णाच्या नावासह, तीन वर्षे. ओळखीचा पोरगा ‘आजीला झोप येत नाही’ म्हणून चिठ्ठीशिवाय गोळ्या मागायला येईल. तुमच्याच गल्लीतला असेल. म्हणून तर अवघड आहे.

आता जरा नाजूक गोष्ट. औषध चोरणारा नेहमी बाहेरचा नसतो. आमच्या थिएटरमध्ये एक फार हुशार, कामसू मुलगा होता. पाठीच्या दुखण्यावर पेंटाझोसिन घेता घेता तो त्यात अडकला. मांड्यांवर गाठी झाल्या तेव्हा आम्हाला कळले. त्याआधी सहा महिने वहीत लहान लहान तफावत दिसत होती आणि आम्ही सगळ्यांनी ‘जाऊ दे, चांगला मुलगा आहे’ म्हणून ती सांभाळून घेतली. त्याला वाचवत आहोत असे आम्हाला वाटत होते. खरे तर आम्ही त्याला सहा महिने जास्त दिले. या कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस आपणहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला गेला आणि उपचार पुरे केले, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालत नाही. हे कलम तेव्हा आम्हाला कोणालाच माहीत नव्हते. तो मुलगा आज हयात नाही.

शेवटी घरच्या रुग्णांविषयी, कारण हे वस्तीतल्या प्रत्येकाच्या कामाचे आहे. कर्करोगाच्या रुग्णाला मॉर्फिनच्या गोळ्या घरी दिल्या जातात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, त्या रुग्णासाठी, तेवढ्याच मिळालेल्या गोळ्या घरात ठेवणे हा गुन्हा नाही. चिठ्ठी आणि गोळ्या एकत्र, कुलपात ठेवा. रुग्ण गेल्यावर उरलेल्या गोळ्या जिथून आणल्या तिथे परत करा. शेजारच्या काकांच्या गुडघ्यासाठी देऊ नका. आणि ‘मॉर्फिन चालू केले म्हणजे आता संपले’ किंवा ‘व्यसन लागेल’ म्हणून दुखणे सोसणाऱ्या माणसाच्या गोळ्या लपवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्यांना समजावणे हेही तुमचेच काम आहे. डॉक्टरांना तेवढा वेळ नसतो.

पहाटे फोन करणारी ती मुलगी आज इथे नाही, तिची ड्युटी आहे. नव्या ठिकाणी अमली औषधांच्या कपाटाला दोन कुलुपे आहेत. एक किल्ली तिच्याकडे असते, दुसरी ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे, आणि सकाळी पावणेआठला दोघे मिळून मोजतात. पगार आधीपेक्षा हजार रुपयांनी कमी आहे. मी तिला विचारले, झोप लागते का? म्हणाली, लागते.

कोणाच्या काही शंका असतील तर विचारा. पुढच्या रांगेतल्या मुलांनी वह्या आणल्या आहेत, त्यांना कलमांचे क्रमांक पुन्हा सांगते.